सोमवारचं शून्य

कंपनीत दीड हजार माणसं होती आणि त्यांत शहाण्यांचा तुटवडा अजिबात नव्हता, पण नवा टेम्पो बरा की वाईट हे शेवटी ठरायचं ते यशवंत कोंडे यांच्या उजव्या पायावर. तोही अनवाणी. चाचणीची गाडी समोर आली की कोंडेनाना उजवी वहाण काढून बाजूला ठेवायचे आणि मगच वर चढायचे. कारखान्यात जाड बूट घालायचा कडक नियम होता, पण नाना चढत असले की सुरक्षा अधिकाऱ्याला नेमकं दुसरीकडे काहीतरी दिसायचं. नानांचं म्हणणं एवढंच, की बुटातून गाडी कळत नाही.

चाकणच्या पलीकडे कंपनीने चाचणीसाठी खोटा घाट बांधला होता. सात वळणं, एक उभा चढ, खाली येताना मुद्दाम ठेवलेले खड्डे. नाना तो घाट चढून उतरून यायचे, गाडी उभी करायचे आणि दहापैकी एक आकडा सांगायचे. आकडा सातच्या खाली गेला की इंजिनवाले आणि गिअरवाले तोंडं पाडून परत कामाला लागायचे. ताकद कितीही असो, अर्धा पाय दाबल्यावर गाडी बुजल्यासारखी उडी मारत असेल किंवा चालवणाऱ्याच्या मनात नसताना गिअर पडत असेल, तर त्या ताकदीचा उपयोग काय? चालवणाऱ्याच्या मनात एक गाडी असते आणि रस्त्यावर दुसरी. या दोघींमधलं अंतर कमी करणं हे शर्वरी उपासनीचं काम होतं.

शर्वरी नऊ वर्षांपूर्वी पदवी घेऊन आली तेव्हा तिला अवजड गाडी चालवता येत नव्हती. नानांनी शिकवली. चढावर गाडी बंद पाडली की ते ओरडत नसत, नुसते खिडकीबाहेर बघत बसत, आणि त्याचाच तिला जास्त धाक वाटे. इंजिन कानाने ऐकू नको, तळव्याने ऐक, असं ते सांगायचे. तिला ते कधी जमलं नाही. म्हणून तिने तळव्याचं काम करणारं यंत्र बनवलं, असं ती पुढे थट्टेने म्हणायची, आणि ते बरंचसं खरंही होतं.

त्या यंत्राला सगळे 'जुळणी' म्हणत. जुन्या गाड्यांत पेडल इतकं दाबलं तर इंजिनने इतका जोर द्यायचा, हे कारखान्यातच एकदा ठरून जायचं. मग माणूस महिना-दोन महिने धडपडून त्या गाडीला सरावायचा. जुळणीने हे उलटं केलं. माणसाच्या मनात वेग वाढवायचं आलं, की पाऊल हलण्याच्या किंचित आधी त्याच्या पोटरीच्या स्नायूंत बारीकशी वीज खेळते. सीटच्या कडेला आणि पायाशी बसवलेले सेन्सर ती वीज टिपत. या माणसाला आता किती जोर हवा आहे, हे यंत्राला पाऊल दाबण्याआधीच समजे. मग पाऊल थोडं कमी दाबलं काय, उशिरा दाबलं काय, यंत्र इंजिन आणि गिअर असे जुळवून घेई की मनातला वेग आणि रस्त्यावरचा वेग एकच व्हावा. ब्रेकचंही तसंच. पंधरवड्यात गाडी आपल्या मालकाला ओळखू लागे. भरलेला टेम्पो रिकाम्यासारखा चढे आणि थकलेला माणूस ताज्यासारखा चालवे.

अर्थात यंत्राला शिकवायला कोणाचा तरी पाय आदर्श म्हणून धरावा लागतो. तो पाय कोणाचा, यावर सभा घेण्याची गरज पडली नाही.

वर्षभरात नऊ हजार टेम्पो रस्त्यावर गेले. नाशिकचे द्राक्षवाले, सांगलीचे हळदवाले, सगळ्यांचे फोन यायचे की गाडी म्हणजे लोणी आहे. नाना हे ऐकून मिशीत हसायचे. हजारो गाड्यांत आपला पाय आहे, ही गोष्ट त्यांनी भोरकडच्या आपल्या गावात किती जणांना सांगितली असेल याला गणती नाही.

आता सोमवारची गोष्ट सांगायला हवी, कारण सगळं तिथेच बिनसलं.

मनात आलेला जोर आणि पावलाने प्रत्यक्ष दिलेला जोर यांत जो फरक पडतो त्याला शर्वरीच्या विभागात 'तफावत' म्हणत. नानांची तफावत शून्य, हे गृहीतच होतं. त्यांच्यावरूनच तर शून्य ठरलं होतं. पण सेन्सर ही वस्तू मोठी लहरी. रविवारी गाडी बंद राहिली, थंडी पडली, धूळ बसली, की सोमवारी आकडा थोडा सरकलेला दिसायचा. कधी तीन, कधी चार. मग शर्वरी चहाचा पहिला घोट घ्यायच्या आत तो आकडा पुसून पुन्हा शून्य करायची. सगळ्या कारखान्यात अशीच रीत होती, वजनकाटा असो की दाबमापक, सोमवारी आधी शून्य आणि मग काम. हे काम पुढे इतकं सवयीचं झालं की तिने विकायच्या गाड्यांसाठीही चार ओळींचा प्रोग्राम लिहून टाकला. प्रत्येक टेम्पो दर सोमवारी स्वतःच आपली तफावत पुसून शून्य करू लागला. या चार ओळींबद्दल तिचं कौतुकही झालं होतं.

त्या दिवाळीच्या आधी एकदा नाना तिच्या टेबलापाशी येऊन उगाच घुटमळले. पाय जरा जड वाटतो, चालताना वहाण सुटली तरी समजत नाही, घरी हौसा डॉक्टरकडे चला म्हणून मागे लागली आहे, असं काहीसं ते पुटपुटले. त्यांना साखरेचा त्रास होता आणि गोळ्या ते आठवल्या तर घ्यायचे. मग म्हणाले, "तुजं मशीन काय म्हंतंय ताई? माझा पाय मशीनलाच जास्त ठावा."

शर्वरीने पडदा त्यांच्याकडे वळवला. सोमवारच होता. तिने नुकतंच शून्य केलं होतं.

"शून्य, नाना. पाय घड्याळासारखा चाललाय तुमचा."

नानांचा चेहरा उजळला. घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं की कंपनीच्या मशीनने पाय तपासला आहे, काही झालेलं नाही. डॉक्टरचा विषय तिथेच मिटला.

फेब्रुवारीत एका सकाळी नाना यंत्रशाळेतून चालत चाचणीच्या गाडीकडे आले. उजवी वहाण हातात होती. शर्वरी गाडीशीच उभी होती. नाना चढण्याआधी थांबले, खाली बघितलं आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हे रगात कुनाचं सांडलंय हितं?"

फरशीवर यंत्रशाळेच्या दारापासून गाडीपर्यंत लाल ठसे आले होते. सगळे उजव्या पावलाचे. शर्वरीने त्यांना पायरीवर बसवून पाऊल उचललं. लेथवरून निघालेल्या लोखंडाच्या किसाचा बोटभर तुकडा टाचेपाशी आत शिरला होता. पण त्याहून वाईट ते पुढच्या बाजूला होतं. अंगठ्याखाली जुनी जखम होती, कडा काळ्या पडलेली, आणि तिला वास येत होता. नानांना ती दिसलीच नव्हती. आपल्याच पायाचा तळवा माणूस दुखल्याशिवाय कशाला बघेल?

इस्पितळातल्या डॉक्टरांनी पायावर बारीक काडी टेकवत विचारलं, कळतंय का. नाना प्रत्येक वेळी डोळे मिटून म्हणाले, टेकवा की आता. घोट्याच्या वरपर्यंत त्यांना काही कळत नव्हतं. साखरेने पायाच्या नसा मरत गेल्या होत्या, आणि हे एका दिवसाचं काम नव्हतं, वर्षभराचं तरी होतं. जखम हाडात उतरली होती. चौथ्या दिवशी घोट्यापासून पाऊल काढावं लागलं. डॉक्टर बाहेर येऊन हौसाकाकूंना म्हणाले, की चार महिने आधी आणलं असतं तरी पाऊल वाचलं असतं. हौसाकाकू शर्वरीचा हात हातात घेऊन म्हणाल्या, तू होतीस म्हणून निदान जीव तरी राहिला.

चार महिने आधी म्हणजे दिवाळी. शर्वरीने तो हिशेब इस्पितळाच्या पायऱ्या उतरतानाच केला.

कंपनीत येऊन तिने दार लावलं आणि वर्षाहून जास्त काळ सोमवारी पुसलेले आकडे बाहेर काढले. पुसले तरी ते कुठेतरी नोंदलेले असतातच. अठ्ठावन्न सोमवार होते. तीन, चार, दोन, पाच, चार. सेन्सर लहरी असेल तर आकडा कधी इकडे सरकतो, कधी तिकडे, कधी वाढतो तसा कधी कमीही होतो. या अठ्ठावन्नांत एकही आकडा उणे नव्हता. तिने ते एकावर एक रचून पाहिले. समोर एक सरळ, संथ चढण उभी राहिली. सेन्सर बिचारा शहाणाच होता, दर आठवड्याला तो सांगत होता की मनात येतं तितकं हे पाऊल आता करत नाही. पाऊल जितकं मागे पडत होतं तितकं यंत्र पुढे होऊन भरून काढत होतं आणि नानांना वाटत होतं आपण पहिल्यासारखेच चालवतो आहोत. दुकानदाराचा गज आखूड झाला तर कापड लांब भरतं, आणि इथे तर गजावर शंका घेणारं कोणी नव्हतंच. नानांचा पाय चुकेल, हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. तिने विश्वासापोटी त्यांचं पाऊल घालवलं होतं. तिला तेव्हा रडू आलं, आणि रडण्याचाही तिला राग आला.

तिने तो आलेख विभागप्रमुख निरगुडकर साहेबांपुढे ठेवला. ते वाईट गृहस्थ नव्हते. नानांच्या ऑपरेशनच्या दिवशी ते सकाळपासून इस्पितळात बसून होते. त्यांनी आलेख दोनदा पाहिला, चष्मा काढला आणि हळू आवाजात समजावलं. यंत्राचं काम पाय तपासणं नाही, गाडी जुळवणं आहे आणि ते त्याने चोख केलं. एकही अपघात झालेला नाही. विकलेल्या गाड्यांमधली तफावत बघायला लागलो तर उद्या नऊ हजार माणसांच्या आजारांची जबाबदारी आपल्यावर येईल. झाकली मूठ सव्वा लाखाची. शेवटी ते म्हणाले, "आणि नानांना सांगून काय मिळेल, शर्वरी? पाऊल परत येणार आहे? तुझ्यावर त्यांची माया आहे. ती तरी राहू दे त्यांच्याकडे."

हेच शेवटचं वाक्य तिला हवं होतं, म्हणून ते तिला पटलं. माणूस आपल्या भित्रेपणाला दयेचं नाव किती पटकन देतो हे तिला त्या दिवशी समजलं, आणि समजूनही ती गप्प बसली.

ती दर रविवारी भोरला जाऊ लागली. हौसाकाकू तिच्यासाठी नाचणीची भाकरी करायच्या. नाना ओसरीवर खुर्ची टाकून बसलेले असत, कुबड्या भिंतीला टेकवलेल्या. ते स्वतःलाच दोष देत. गोळ्या घेतल्या नाहीत, हौसाचं ऐकलं नाही, मशीनवर भार टाकून बसलो, मशीन काय डॉक्टर आहे, त्या बिचाऱ्याचा काय दोष. शर्वरी मान खाली घालून भाकरी मोडायची. प्रत्येक रविवारी ती ठरवून जायची की आज सांगायचं, आणि प्रत्येक रविवारी डब्यात बांधून दिलेलं काहीतरी घेऊन परत यायची.

जूनमध्ये निरगुडकरांना एक कल्पना सुचली. जुळणी पोटरीचे स्नायू वाचते आणि नानांची पोटरी शाबूत होती. म्हणजे पाऊल नसतानाही ते टेम्पो चालवू शकतील. पाऊल हरवलेला चालक आणि त्याला परत रस्त्यावर आणणारी गाडी, पत्रकारांना याहून काय हवं? ऑगस्टमध्ये खोट्या घाटावर कार्यक्रम ठरला. शर्वरीने विरोध केला, पण तिच्याआधी नानांचाच होकार आला होता. चार महिने ओसरीवर बसलेल्या माणसाला कोणी गाडी देतो म्हटल्यावर तो अटी घालत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी आकाश भरून आलं होतं. पायथ्याला मांडव घातला होता, पाहुणे खुर्च्यांवर होते, पहिल्या रांगेत हौसाकाकू नवं लुगडं नेसून बसल्या होत्या. नानांना दोघांनी धरून गाडीत चढवलं. शेजारच्या सीटवर शर्वरी बसली. अडीअडचणीला तिच्या पायाशी वेगळा ब्रेक दिला होता.

नानांनी घोट्याशी संपलेला पाय पेडलच्या वर, नुसता हवेत धरला. चढाकडे बघितलं. आणि गाडी निघाली. पहिलं वळण, दुसरं वळण. गिअर जिथे पडायचा तिथेच पडला, उभ्या चढावर इंजिनने जोर धरला तोही नेमका, कुठे धक्का नाही, कुठे ओढाताण नाही. शर्वरीला एकदाही ब्रेकला पाय लावावा लागला नाही. खालून टाळ्यांचा आवाज आला.

माथ्यावर नानांनी गाडी उभी केली. तिला वाटलं त्यांना आनंद झाला असेल. ते समोरच्या काचेतून बघत होते आणि त्यांचा खालचा ओठ थरथरत होता.

"ताई, अगदी पयल्यासारखी चालली," ते म्हणाले. "कायसुदिक फरक न्हाई. म्हंजी माझा पाय गेला, ते गाडीला कळलंच न्हाई?"

सहा महिने तिने या वाक्याची वाट पाहिली होती असं नाही, पण ते आल्यावर पुढे पळायला जागा उरली नाही.

"कळलं होतं, नाना," ती म्हणाली. "सगळ्यांच्या आधी गाडीलाच कळलं होतं. दर आठवड्याला सांगत होती ती. मी सेन्सरची चूक समजून पुसत होते. तुम्ही दिवाळीत विचारायला आलात, त्याच सकाळी मी पुसलं होतं."

मग तिने सगळं सांगितलं. अठ्ठावन्न सोमवार, एकही आकडा उणे नसणं, निरगुडकरांनी काय म्हटलं आणि ते आपल्याला का पटलं. नाना ती शिकत असताना जसे खिडकीबाहेर बघत बसायचे तसेच बसले होते. ती थांबल्यावर त्यांनी विचारलं, "आन् बाकीच्यांचं? नऊ हजार गाड्या हायत न्हवं? त्यांचं कोन पुसतं?"

"गाड्याच पुसतात. आपल्या आपण. मीच तसं लिहून दिलंय."

"त्यात माझ्यासारकं कोनी आसंल?"

"असणारच. मी बघितलेलं नाही. बघायची परवानगी नाही."

नानांनी मान हलवली, हो म्हणून की नाही म्हणून ते तिला कळलं नाही. त्यांनी गाडी वळवली आणि घाट उतरले, चढले होते तितक्याच हळुवारपणे. त्या उतारावर गाडी इतकी गुणी चालली की शर्वरीला तिची भीती वाटली.

खाली हार तयार होता. निरगुडकरांनी स्वतः पुढे होऊन नानांना उतरवलं, कुबड्या दिल्या, गळ्यात हार घातला आणि माइक त्यांच्या तोंडाशी धरला. गाडीबद्दल दोन शब्द बोला, नाना. कॅमेरे पुढे सरकले. हौसाकाकू डोळ्याला पदर लावून हसत होत्या.

नानांनी माइक हातात घेतला. एक कुबडी काखेत घट्ट दाबून ते क्षणभर उभे राहिले. मग मागे वळले आणि माइक शर्वरीपुढे धरला.

"गाडीचं ह्यास्नी म्हाईत. ह्या सांगतील," एवढंच ते म्हणाले.

निरगुडकर हसले, पाहुणे हसले, कोणीतरी टाळ्या वाजवल्या. नानांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. तिथे काहीच नव्हतं, अनोळखी माणसाकडे बघावं तसं ते बघत होते. तिने माइक घेतला.

"या गाडीला कोंडेनानांचा आजार वर्षभर आधी कळला होता," ती म्हणाली. "आणि तो मी पुसला. रस्त्यावरच्या नऊ हजार गाड्या आजही तेच करतायत."

निरगुडकर तिच्याकडे येऊ लागले, मग कॅमेरे बघून जागीच थांबले. ती बोलत राहिली, आकडे सांगत राहिली, गाड्या कोणाकोणाकडे आहेत, त्यांनी कोणती तपासणी करून घ्यावी, सगळं. आता तिला थांबवणारं कोणी नव्हतं, आणि तिला ते सगळं ज्या एका माणसाला सांगायचं होतं त्याला ते आधीच सांगून झालं होतं.

बोलता बोलता तिचं लक्ष फाटकाकडे गेलं. नानांनी गळ्यातला हार काढून हौसाकाकूंच्या हातात दिला होता. कंपनीची मोटार त्यांच्यासाठी दार उघडून उभी होती. ते मोटारीला वळसा घालून, कुबड्या टेकत, एकेक पाऊल जपून टाकत एसटीच्या थांब्याकडे निघाले होते. हौसाकाकूंनी एकदा मागे वळून शर्वरीकडे पाहिलं. नानांनी पाहिलं नाही.